मुंबईत घर घेताय? आधी सल्ल्यावरची तारीख बघा

मुंबईत घर घ्यायचं म्हटलं की सल्ला मागायला कुठे जावं लागत नाही, तो चालत येतो. ऑफिसातला सहकारी, नुकताच डोंबिवलीहून मुलुंडला आलेला मावसभाऊ, सोसायटीचे माजी सेक्रेटरी, लोकलचा ग्रुप. या सल्ल्यांत खोटं फारसं नसतं. ते ज्या वर्षी खरे होते ते वर्ष मात्र उलटून गेलेलं असतं.

मुद्रांक शुल्काचंच घ्या. ऑक्टोबर २०२० मध्ये घर घेतलेला माणूस तुम्हाला शपथेवर २ टक्के सांगेल. फेब्रुवारी २०२१ मध्ये घेतलेला ३ सांगेल. त्याच वर्षी दिवाळीत नोंदणी केलेला ५ म्हणेल आणि एप्रिल २०२२ नंतरचा ६, कारण तेव्हापासून मुंबईत १ टक्का मेट्रो अधिभार लागला. चौघंही बरोबर. एक कोटीच्या घरावर पहिल्या आणि चौथ्या उत्तरात चार लाखांचा फरक आहे.

म्हणून या लेखात आकडे आहेत, पण त्यापेक्षा जास्त भर प्रत्येक आकडा कोण बदलतं आणि त्याचा आजचा भाव कुठे कळतो, यावर आहे. आकडे विसरलात तरी चालेल, दारं लक्षात ठेवा.

आधी घर कुठल्या जातकुळीचं, ते ठरवा

‘टू बीएचके, अंधेरी’ एवढ्यावर कोणालाच नेमका सल्ला देता येत नाही. बांधकाम चालू असलेल्या इमारतीतलं घर, सोसायटीतलं पुनर्विक्रीचं घर, म्हाडाच्या सोडतीतलं घर, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या (एसआरए) योजनेतली पुनर्वसन सदनिका आणि गिरगाव-परळकडची पागडीची खोली, या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीचे नियम वेगळे, नियम करणारं कार्यालय वेगळं. पागडीत तुम्ही मालक होत नाही, भाडेकरू होता. बँका त्यावर सहसा गृहकर्ज देत नाहीत. एसआरएच्या पुनर्वसन सदनिकेवर ठरावीक वर्षांची विक्रीबंदी असते, त्या नियमांत फेरफार होत आले आहेत, आणि हस्तांतराला प्राधिकरणाची परवानगी लागते. ‘नोटरी करून देतो, पुढे बघू’ असं कोणी म्हणालं तर तिथूनच नमस्कार करावा.

खाली जे आहे ते मुख्यतः पहिल्या दोन प्रकारांसाठी.

पैशाचं गणित, आजच्या दराने

समजा करार एक कोटीचा आहे. मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ६ लाख. घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्याच नावावर असेल तर निवासी घराला १ टक्का सवलत, म्हणजे ५ लाख. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत नाही. अनेक जोडप्यांना हे नोंदणीच्या टेबलावर कळतं. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं, म्हणजे सरकारने ठरवलेलं, मूल्य यांपैकी जे जास्त त्यावर बसतं. रेकनरचे दर साधारणपणे दर १ एप्रिलला जाहीर होतात. २०२३ आणि २०२४ मध्ये ते जैसे थे होते, १ एप्रिल २०२५ ला मुंबई महापालिका क्षेत्रात सरासरी ३.३९ टक्क्यांनी वाढले. सरासरीवर जाऊ नका; तुमच्या विभागाचा आणि उपविभागाचा दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर, वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यात, वर्ष निवडून पाहता येतो. मार्चअखेर व्यवहार करत असाल तर हे आधी बघा.

बांधकाम चालू असेल तर जीएसटी. १ एप्रिल २०१९ पासून ५ टक्के. ‘परवडणाऱ्या’ घराला १ टक्का, पण त्यासाठी मुंबईत चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) ६० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत हवी. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळाल्यावर घेतलेल्या घराला जीएसटी नाही. ‘१२ टक्के जीएसटी आणि इनपुट क्रेडिटचा फायदा’ असं सांगणारा लेख दिसला तर तो २०१९ पूर्वीचा समजा.

कर्ज किती मिळेल याला रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, त्यावर ७५ टक्के. बँक मर्यादेपेक्षा कमी देऊ शकते, जास्त नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरत नाहीत. म्हणजे एक कोटीच्या तयार घराला कर्ज जास्तीत जास्त ७५ लाख, आणि स्वतःचे २५ लाख अधिक ६ लाख ३० हजार, असे ३१ लाखांच्या वर. दलाली, वकील, सोसायटीचे पैसे आणि घरातलं काम वेगळं. सेल्स ऑफिसात ‘फक्त १० टक्के भरा’ म्हणतात तेव्हा ते बुकिंगबद्दल बोलत असतात, घराबद्दल नाही.

व्याजदराचा सल्ला तर दुधासारखा नासतो. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, २०२५ च्या सुरुवातीला ६.५० टक्के होता, डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ वर आला. बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं ऑक्टोबर २०१९ पासून बाह्य दराशी, बहुधा रेपोशी, जोडलेली असतात. त्यामुळे बँकेला फक्त ‘दर किती’ विचारू नका. ‘रेपोवर तुमचं स्प्रेड, म्हणजे वरची भर, किती आणि दर किती महिन्यांनी बदलतो’ हे विचारा. गृहवित्त कंपन्यांची पद्धत वेगळी असते, तिथे हाच प्रश्न दोनदा विचारा.

अनुदानाचा जुना गैरसमज इथेच निकालात काढू. २ लाख ६७ हजारांचं व्याज अनुदान सांगणारे लेख अजून वाचनात येतात. ती योजना २०२२ पर्यंत संपली. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये नवी व्याज अनुदान योजना आहे, अनुदान १ लाख ८० हजारांपर्यंत, पण घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत हवं. मुंबई शहर-उपनगरात खुल्या बाजारात असं घर कुठे मिळतं ते तुम्हीच सांगा. वसई-विरार, बदलापूरकडे पाहणाऱ्यांनी मात्र जरूर तपासावं.

आणि टीडीएस. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का तुम्ही कापून सरकारकडे भरायचा, विकणाऱ्याला उरलेले द्यायचे. पुनर्विक्रीत विकणाऱ्याचं पॅन आधारशी जोडलेलं आहे का, हे टोकनच्या आधी बघा. पॅन निष्क्रिय असेल तर १ ऐवजी २० टक्के कापण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर हा १ टक्क्याचा नियमच लागू नाही, दर बराच मोठा असतो. सीएशिवाय पुढे जाऊ नका. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने जुन्या लेखांतले कलमांचे क्रमांक आता जुळणार नाहीत. प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलवर त्या दिवशी जे दिसेल ते खरं.

महारेराचं पान: जाहिरातीपेक्षा हे वाचा

बांधकाम चालू असलेल्या घरासाठी एकच जागा सांगायची तर ती महारेराचं, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचं, संकेतस्थळ. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल आणि सदनिकाही आठपेक्षा जास्त असतील तर तिथल्या नोंदणीशिवाय प्रकल्पाची जाहिरातही करता येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड बंधनकारक आहे. कोड स्कॅन करा, पण उघडलेलं पान खरंच महारेराचं आहे ना, पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे ना, हे बघा. त्याहून बरं म्हणजे स्वतः संकेतस्थळावर जाऊन नोंदणी क्रमांक टाकणं. मोठ्या संकुलात प्रत्येक विंगची किंवा टप्प्याची नोंदणी वेगळी असू शकते. तुम्ही सी विंगमध्ये घर घेताय आणि ब्रोशरवर ए विंगचा क्रमांक, असं होतं.

नोंदणी क्रमांक आहे म्हणजे महारेराने प्रकल्पाला शाबासकी दिली, असा समज करून लोक तिथेच थांबतात. क्रमांक म्हणजे प्रवेशपत्र. खरी माहिती आतल्या पानांत आहे, आणि ती या क्रमाने वाचावी:

१. पूर्णत्वाची तारीख: मूळ कोणती, सुधारित कोणती, मुदतवाढ किती वेळा. सेल्स ऑफिस ‘पुढच्या दिवाळीत ताबा’ म्हणतं आणि पानावर तारीख त्याच्या दोन वर्षं पुढची असते. कायदेशीर वजन तुमच्या नोंदणीकृत करारातल्या तारखेला आहे, म्हणून ती करारात काय लिहिताहेत ते बघा.

२. तिमाही प्रगती अहवाल. शेवटचा कधी भरला? दोन-तीन तिमाह्या रिकाम्या असतील तर विकासकाला कारण विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

३. कायदेशीर हक्क अहवाल, बोजा आणि दावे. जमीन कोणाची, प्रकल्पावर कर्ज कोणाचं, कोर्टात काय चालू आहे. प्रकल्प वित्तसंस्थेकडे गहाण असेल तर तुमच्या सदनिकेसाठी त्यांचं ना-हरकत पत्र लागेल.

४. किती सदनिका विकल्या. ‘शेवटचे दोनच उरलेत’ हे वाक्य ऐकल्यावर हा आकडा बघण्यात वेगळीच मजा आहे.

५. कराराचा मसुदा. तोही तिथेच असतो. तुमच्या हातात दिलेला मसुदा त्याच्याशी ताडून पाहा. दैवी आपत्ती, बांधकामातले दोष, चटई क्षेत्र आणि अभिहस्तांतरण (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून देणं) ही कलमं विकासकाने आपल्या सोयीने बदलायची नसतात.

पैसे देतानाचे दोन नियम पाठ करा. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ‘२० टक्के भरा, मग रजिस्ट्रेशन’ हे कायद्यात बसत नाही. दुसरा नियम तुलनेने नवा: १ जुलै २०२४ पासून प्रकल्पाची तीन बँक खाती असतात आणि खरेदीदाराचा सगळा पैसा आधी ‘कलेक्शन’ खात्यात जायचा असतो, तिथून ७० टक्के बांधकाम-जमिनीच्या खात्यात. चेक याच खात्याच्या नावाने काढा. पार्किंगसाठी किंवा ‘अ‍ॅमेनिटीज’साठी वेगळ्याच कंपनीच्या नावाने चेक मागितला तर तो का, हे वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका.

पालिकेची कागदपत्रं

मुंबईत क्रम असा: आयओडी (आराखड्याला सशर्त मंजुरी), मग जोत्यापर्यंतची सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला), मग टप्प्याटप्प्याने वरच्या मजल्यांची सीसी, शेवटी ओसी. ‘सीसी आहे’ हे उत्तर अपुरं. ती कितव्या मजल्यापर्यंत आहे? सीसी १८ मजल्यांपर्यंत आणि तुम्ही घेताय २७ वा, तर मधल्या नऊ मजल्यांची जोखीम तुमची आहे आणि भावात ती दिसायला हवी. पार्ट ओसी असेल तर तुमचा मजला आणि विंग तिच्यात आहे का ते ओळीने वाचा. ओसी नसलेल्या इमारतीत पाणीपट्टी जादा दराने येते, कर्ज आणि पुनर्विक्री दोन्ही अडतात.

ओसी नेहमी महापालिकाच देते असं नाही. एसआरए योजनेत ती एसआरए देते. टिळकनगर, कन्नमवारनगर अशा म्हाडा वसाहतींच्या पुनर्विकासात २०१८ पासून नियोजन प्राधिकरण म्हाडाच आहे. त्यामुळे पालिकेच्या संकेतस्थळावर फाइल सापडली नाही की लगेच घाबरू नका, आधी प्राधिकरण कोणतं ते विचारा. भूखंडावर रस्ता रुंदीकरण किंवा आरक्षण आहे का, हे २०३४ च्या विकास आराखड्याच्या डीपी रिमार्कमधून कळतं. तो शुल्क भरून ऑनलाइन मिळतो.

खरा भाव कुठे कळतो

मालमत्तांच्या ॲपवर दिसतो तो मागितलेला भाव. मिळालेला भाव इंडेक्स टू मध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी सारांशात, असतो. नोंदणी विभागाच्या ई-सर्च सेवेत जिल्हा, गाव आणि सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक टाकला की त्या मिळकतीवर नोंदलेले दस्त दिसतात: तारीख, क्षेत्रफळ, मोबदला, रेकनरचं मूल्य. इथे लोक अडतात ते ‘गाव’ या रकान्यावर. भूमापनाच्या नोंदी जुन्या गावांच्या नावाने आहेत; बोरिवलीत एक्सर किंवा मागाठाणे, गोरेगावात पहाडी गोरेगाव, सांताक्रूझ पूर्वेला कोळेकल्याण. गाव आणि सीटीएस क्रमांक महारेराच्या पानावर किंवा विकणाऱ्याच्या जुन्या करारात मिळतात.

त्याच इमारतीतले गेल्या वर्षभरातले पाच-सहा व्यवहार काढा, चटई क्षेत्रावर दर काढा आणि मग घासाघीस करा. जुन्या करारांत बिल्ट-अप किंवा सुपर बिल्ट-अप क्षेत्र लिहिलेलं असतं. रेराच्या व्याख्येतलं चटई क्षेत्र त्याहून वेगळं, म्हणून तुलना करताना एकच माप धरा. माझ्या मते घरखरेदीच्या सगळ्या सल्ल्यांत हा एक तास सर्वांत जास्त पैसे वाचवतो, आणि तरी तो बहुतेक जण घालवत नाहीत.

पुनर्विक्रीचं घर

पहिल्या करारापासून आजच्या मालकापर्यंत सगळे मूळ दस्त, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची थकबाकी नाही असं पत्र, ओसी, मालमत्ता पत्रक. मालमत्ता पत्रकावर अजून जुन्या जमीनमालकाचंच नाव असेल तर अभिहस्तांतरण झालेलं नाही. मुंबईत असं पुष्कळ आहे आणि एवढ्यावरून घर सोडायची गरज नाही, पण पुनर्विकासाच्या वेळी तोच मुद्दा वर येतो. घर गहाण आहे का, यासाठी इंडेक्स टू बरोबर सेरसाईच्या, म्हणजे गहाण मालमत्तांच्या केंद्रीय, नोंदवहीतही शोध घ्या.

सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य पालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये. ‘स्वेच्छा देणगी’ म्हणून लाख-दोन लाख मागणाऱ्या समितीला नियमाची प्रत दाखवली की आवाज खाली येतो.

इमारत पुनर्विकासाला निघाली असेल, आणि आज जुन्या उपनगरात निम्म्या जाहिराती ‘लवकरच रिडेव्हलपमेंट’ याच भांडवलावर असतात, तर नुसत्या बोलण्यावर जादा भाव देऊ नका. विशेष सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मागा, विकास करारनामा नोंदला आहे का ते बघा, आणि नोंदला असेल तर नव्या जागेचं क्षेत्र, भाडं, कॉर्पस (विकासक देतो ती एकरकमी रक्कम) हे हक्क तुमच्या नावावर येणार का, हे विक्री करारात लिहून घ्या.

म्हाडा

इथे सल्ला सोपा आहे. जाहिरात, अर्ज, अनामत, निकाल, सगळं म्हाडाच्या गृहनिर्माण संकेतस्थळावर. उत्पन्न गट आणि कागदपत्रांचे नियम बदलत असतात, म्हणून ज्या सोडतीत अर्ज करायचा तिचीच माहितीपुस्तिका वाचा, गेल्या सोडतीची नको. म्हाडाने कोणालाही दलाल नेमलेलं नाही. ‘कोट्यातलं घर’ ऐकू आलं की फोन ठेवा.

माणसं कोणती धरावीत

वकील स्वतःचा. विकासकाचा नको, दलालाने सुचवलेलाही नको. तीस वर्षांचा शोध अहवाल मागा. बँकेने प्रकल्प मंजूर केला आहे हे चांगलं लक्षण आहे, पण बँक स्वतःचं कर्ज सुरक्षित करते, तुमचा ताबा वेळेवर मिळेल याची हमी देत नाही. महारेरा प्रकल्पातल्या दलालाला नोंदणी लागते आणि आता प्रशिक्षण, परीक्षा आणि सक्षमता प्रमाणपत्रही. नंबर विचारायला लाजू नका. विकासकाशी बिनसलंच तर थेट तक्रारीआधी महारेराच्या सलोखा मंचाचा रस्ता आहे, आणि १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत ग्राहकांच्या बाजूने त्यात सहभागी आहे.

त्याच विकासकाच्या आधीच्या इमारतीत रविवारी सकाळी जाऊन वॉचमन आणि सेक्रेटरीशी बोला. ताबा कधी मिळाला, सोसायटी केली का, पावसाळ्यात गळतं का. हे कुठल्याच संकेतस्थळावर मिळत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला ‘नवा नियम’

शासन निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात संकेतांक छापलेला असतो. तो राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांच्या विभागात टाकून बघा. सापडला नाही तर पुढे पाठवू नका. मुद्रांक शुल्काचे बदल राजपत्रातल्या अधिसूचनेने येतात, महारेराचे परिपत्रकांनी, कर्जमर्यादेचे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनी, जीएसटीचे परिषदेच्या बैठकीनंतरच्या अधिसूचनेने. बातमीत ‘प्रस्ताव’, ‘मंत्रिमंडळाची मंजुरी’, ‘विचाराधीन’ असे शब्द असतील तर नियम अजून लागू झालेला नाही. आणि लागू झाला असेल तर कोणत्या तारखेपासून, कोणत्या दस्तांना, हे दोन प्रश्न उरतातच.

नोंदणीच्या आठवड्यात

महारेराचं पान पुन्हा उघडा, ई-सर्च पुन्हा करा, शुल्काचा दर पुन्हा तपासा. टोकन आणि नोंदणी यांत दोन-तीन महिने सहज जातात. मुद्रांक शुल्क शासनाच्या ग्रास प्रणालीतून स्वतः भरलंत तर चलन तुमच्या हातात राहतं. मुंबई शहर आणि उपनगरातल्या कोणत्याही सह दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी होते, त्यामुळे वेळ घेऊन कमी गर्दीचं कार्यालय निवडा. दस्तावर सही केल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला हजर व्हायला हवा. टीडीएस, रक्कम दिली तो महिना संपल्यापासून तीस दिवसांत भरा आणि प्रमाणपत्र विकणाऱ्याला द्या.

नंतर इंडेक्स टू ची प्रत डाऊनलोड करून त्यातलं नाव, सदनिका क्रमांक आणि क्षेत्रफळ तपासा, चूक असेल तर लगेच चूकदुरुस्तीपत्र करा. वीजबिल, मालमत्ता कर आणि शेअर सर्टिफिकेट यांवर नाव बदलून घ्यायचे अर्ज त्याच महिन्यात टाका.